आडव्या रेघेची संस्कृती

‘नदी होती. नदीकाठी लोक आले. त्यांनी शेती केली. मग पूर आला.’

माझ्या लेकीनं सहामाहीच्या इतिहासाच्या पेपरात लिहिलेलं हे उत्तर. प्रश्न तीन होते, संस्कृती तीन होत्या, उत्तर मात्र एकच; तिन्ही ठिकाणी, काना-मात्रेचाही फरक न करता. बाईंनी आम्हा नवरा-बायकोला शाळेत बोलावून घेतलं आणि बालवर्गाच्या खुर्च्यांवर बसवलं. गुडघे कानाला टेकलेल्या माणसाकडं फारसा ताठा उरत नाही, हे शाळांना बरोबर ठाऊक असतं.

“पूर नेमका कुठल्या संस्कृतीत आला असं मी विचारलं,” बाई म्हणाल्या, “तर म्हणते, सगळ्यांत.”

“आलाच होता सगळ्यांत,” लेक म्हणाली.

मला ते मनातून पटलं होतं. पण तसं तोंडावर दिसू न देता मी घसा साफ केला. बायकोनं लगेच टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. असा पाय ती वर्षातून दोन-तीनदाच देते आणि दर वेळी अगदी योग्य क्षणी देते. दर वेळी मी तिकडं दुर्लक्ष करतो.

“बाई, दोष मुलीचा नाही, पद्धतीचा आहे. हाताला माती लागल्याशिवाय इतिहास डोक्यात शिरत नाही. मी शिकवतो तिला. चित्रं काढून, मडकी घडवून. नुसतं तिलाच का, आमच्या इमारतीतल्या सगळ्या मुलांना शिकवतो!”

“वा,” बाई म्हणाल्या. “वार्षिक परीक्षेला चार महिने आहेत.”

इथं माझी ओळख करून देणं भाग आहे. मी सरकारी छापखान्याच्या नमुने विभागात आहे. नमुने म्हणजे फॉर्म. तुम्ही आयुष्यात जिथं जिथं टिंबटिंबांवर काही लिहिलं असेल, तिथली टिंबं बहुधा माझी आहेत. बावीस वर्षांच्या नोकरीत मी दोन गोष्टी मिळवल्या. एक म्हणजे उजव्या अंगठ्यावरची आडवी खूण. ती पहिल्याच आठवड्यात कागद कापायच्या यंत्रानं दिली. दुसरी म्हणजे दीड पानाचा एक नमुना एका पानात बसवल्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र. ते बैठकीच्या खोलीत टांगलेलं आहे. कुठला नमुना, ते पुढं येईलच. दुर्दैवानं.

सुरुवात आम्ही अगदी सुरुवातीपासून केली, म्हणजे गुहेतल्या चित्रांपासून. गुहा म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला जिना निवडला, कारण तिथला दिवा गेली दोन वर्षं बंद आहे. इमारतीतली नऊ मुलं कोळसा आणि विटेची भुकटी घेऊन भिंतीला भिडली. तासाभरात तिथं हरणं, रानडुकरं, भाले घेतलेली माणसं आणि एक प्रचंड गवा अवतरला. चित्रं खरोखर जिवंत होती. अडचण एवढीच, की गव्याला चष्मा होता.

चष्मा आमच्या सचिवांना आहे. इमारतीच्या समितीचे हे सचिव पहिल्या मजल्यावर राहतात. ते कुठल्या खात्यातून निवृत्त झाले हे कुणालाच माहीत नाही, पण अधिकारी ते अजूनही आहेत. मैदानात मुलं खेळत असताना चेंडू त्यांच्या गॅलरीत गेला, की तो जप्त होतो आणि त्याची वहीत नोंद होते. त्यांनी गव्याकडं बराच वेळ निरखून पाहिलं.

“हा कोण?” त्यांनी विचारलं.

“गवा आहे. आदिमानव आधी ज्याला घाबरायचा त्याचंच चित्र काढायचा,” मी मास्तरी थाटात समजावून सांगितलं. हे वाक्य आपण कुणाला ऐकवतोय, ते बोलून झाल्यावर लक्षात आलं.

पुढचे दोन रविवार मी बादली आणि ब्रश घेऊन जिना घासला. येणारा-जाणारा प्रत्येक जण क्षणभर थांबून सल्ला देत होता. कुणी म्हणालं सोडा लावा, कुणी म्हणालं लिंबू लावा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “घासू नकोस रे बाबा, गवा तेवढा राहू दे. छान आलाय.”

खरं तर इथंच थांबायचं. पण लेक आता जेवताना ताटात वरणाच्या रेघोट्यांनी हरणं काढायला लागली होती. एके दिवशी ती आपण होऊन म्हणाली, “बाबा, या लोकांना लिहिता येत नव्हतं तरी आपल्याला त्यांचं सगळं कळतं, हे भारी आहे ना?” बाप विरघळायला याहून जास्त काही लागत नाही. मी मातीकडं वळलो.

कुंभाराकडून घमेलंभर माती आणली. मुलांना गच्चीवर बसवलं. पहिलं मडकं प्रात्यक्षिकासाठी मी स्वतः केलं. चाकाचा शोध लागण्यापूर्वीच्या पद्धतीनं, म्हणजे मातीच्या वळ्या एकावर एक रचून. तिसऱ्या वळीपर्यंत ते मडकं होतं. चौथ्या वळीला त्यानं एका बाजूला मान टाकली आणि पुढं मी काय करतोय याच्याशी काहीही संबंध ठेवला नाही. काठावर अंगठा दाबत दाबत मी नक्षी काढली. “प्राचीन माणूस अशीच नक्षी काढायचा,” मी म्हणालो.

“बाबा, प्राचीन माणसाचं मडकं उभं राहायचं का?” लेकीनं विचारलं.

मुलांनी मात्र झकास काम केलं. मडकी केली, बैल केले. शिवाय मातीच्या चपट्या पाट्या करून त्यांवर दात कोरायच्या काडीनं आपली स्वतःची गुप्त लिपी कोरली. लिपीचा तक्ता लेकीकडं होता आणि तो मलाही बघायला बंदी होती.

आता भाजायचं कुठं? बायकोनं ओव्हनला हात लावू दिला नाही. सचिवांनी मैदानात जाळ करायला मनाई केली. तेव्हा चौथ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मदतीला धावले. त्यांच्या दवाखान्यात चिनी मातीचे दात भाजायची छोटी भट्टी होती. “दाताला लागते तेवढी आच तुमच्या मडक्याला दिली, तर हजार वर्षं काही होणार नाही,” ते म्हणाले. तेव्हा हे वाक्य मला फार आवडलं होतं. पंधरा दिवस डॉक्टर दोन दाढांच्या मध्ये एकेक मडकं भाजत होते. एका पेशंटला कवळीबरोबर बैलही मिळाला, तो त्यानं सभ्यपणे परत आणून दिला.

माझा मूळचा पिंड फॉर्मचा. मी प्रत्येक मुलाला तक्ता आखून दिला : भाजण्याआधीची लांबी, भाजल्यानंतरची लांबी, फरक. माती भाजल्यावर आकसते, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी कळावं हा हेतू. लेकीनं वेगळी पट्टी करून तिच्यावर बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ मारली. भाजून आली तेव्हा रेघ नऊ भरली. ती पट्टी तिनं कंपासपेटीत ठेवून दिली.

मग आला कळसाचा कार्यक्रम : उत्खनन. पाट्या सोडून बाकीच्या वस्तू फोडायच्या, सगळं चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट करायच्या, मैदानाच्या कोपऱ्यात पुरायच्या आणि पंधरा दिवसांनी, रविवारी, मुलांनी ब्रश आणि चमचे घेऊन त्या हळूहळू उकरून काढायच्या. सगळं रीतसर व्हावं म्हणून मी सचिवांना लेखी अर्ज दिला. विषयात लिहायचं होतं, ‘प्राचीन वस्तूंच्या प्रतिकृती पुरण्यास परवानगी मिळणेबाबत’. पण ‘प्रतिकृती’ या शब्दामुळं विषय दुसऱ्या ओळीवर जात होता. बावीस वर्षांच्या सवयीनं मी तो शब्द काढून टाकला. अर्जावर सचिवांनी शेरा मारला : ‘हरकत नाही. खड्डा बुजवावा.’

गुरुवारी, म्हणजे आमच्या रविवारच्या तीन दिवस आधी, माळ्यानं त्याच कोपऱ्यात रोप लावायला कुदळ घातली.

संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर मैदानाला दोरी. दोरीच्या बाहेर अख्खी इमारत. आत माळी, सचिव आणि डोळ्याला भिंग लावून ओणवे झालेले एक गृहस्थ. खड्ड्यात खापरं दिसताच सचिवांनी थेट पुराणवस्तू खात्यात फोन केला होता. आमच्या इमारतीत नळ फुटला तर माणूस यायला आठवडा लागतो. हे साहेब तासाभरात आले होते.

“अप्रतिम!” भिंगवाले साहेब म्हणत होते. “पंचवीस वर्षं मी या कामात आहे, असं काही पाहिलं नाही. भाजणी बघा. इतकी आच त्या काळी शक्यच नव्हती. आणि ही नक्षी, काय म्हणावं हिला!”

त्यांच्या हातात माझ्या मडक्याचा काठ होता.

आता मी खरं तेच सांगतो. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. ‘साहेब, ते माझं आहे,’ एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण बावीस वर्षांत माझ्या हातच्या कुठल्याही कामाला कुणी अप्रतिम म्हटलं नव्हतं. म्हटलं, अजून एक-दोन वाक्यं ऐकावीत. मी पाच मिनिटं गप्प उभा राहिलो.

त्या पाच मिनिटांत साहेबांचं बोलणं पुढं गेलं.

“भाजणी जितकी पुढारलेली, तितकाच हात मागासलेला. हात असा, की मी म्हणेन पाच-सहा वर्षांच्या मुलाचा. किंवा मोठ्याचा असेल तर त्याच्या हाताला काहीतरी इजा असणार. अंगठ्याचे ठसे बघा, केवढेसे! यावरून उंची साडेचार फुटांच्या वर जात नाही. ठेंगणी, बेढब, पण आगीची विलक्षण जाण असलेली माणसं. आणि प्रत्येक ठशात ही आडवी रेघ! हे कुळाचं चिन्ह आहे. वर आकाश, खाली पृथ्वी.”

“आणि पाटीवर काय आहे?” सचिवांनी आदरानं विचारलं.

“तीन वर्तुळं. सूर्यपूजक असावेत.”

“माझं आहे ते,” मी शेवटी म्हणालो. पण आवाज नेहमीपेक्षा बारीक आला.

साहेबांनी भिंगातूनच माझ्याकडं पाहिलं. “काय तुमचं आहे?”

“मडकं. मीच केलंय. महिन्यापूर्वी, गच्चीवर.”

साहेबांना अशा माणसांची सवय असावी. “दर ठिकाणी एक तरी असा भेटतोच,” ते सचिवांना म्हणाले आणि पिशवीतून छापील कागद काढला. कागद मी लांबूनच ओळखला. नमुना क्रमांक सतरा, आढळलेल्या पुराणवस्तूंची नोंद. तोच तो. प्रशस्तिपत्रवाला.

दोन वर्षांपूर्वी या नमुन्यात काळाच्या प्रश्नापुढं तीन चौकोन होते : अतिप्राचीन, प्राचीन, यांपैकी नाही. तिसऱ्या चौकोनामुळं पान उलटावं लागत होतं. तो मी काढला. पुराणवस्तू खात्यात येणारी वस्तू पुराणच असणार, असं तेव्हा माझं पाच मिनिटांचं चिंतन होतं.

“साहेब, ही वस्तू या दोन्हींत बसत नाही,” मी काकुळतीला येऊन म्हणालो.

“मग कुठं लिहू? रकानाच नाही,” साहेब म्हणाले आणि ‘अतिप्राचीन’वर खूण केली.

एवढ्यात सचिव घरी जाऊन माझा अर्ज घेऊन आले. ‘विषय : प्राचीन वस्तू पुरण्यास परवानगी मिळणेबाबत.’ खाली माझी ठसठशीत सही. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि त्यांची नजर बदलली.

“म्हणजे या वस्तू तुमच्याकडं आधीपासून होत्या? आणि तुम्ही त्या लपवल्या?”

“मला वाटलं मेलेला पोपट वगैरे पुरतायत,” सचिवांनी हात झटकले. “मी चांगल्या मनानं परवानगी दिली.”

मैदान सीलबंद झालं. पाटी लागली : पुढील आदेशापर्यंत प्रवेश बंद. चौकशी पुढच्या गुरुवारी, अहवाल नंतर, आदेश त्यानंतर. “साधारण किती दिवस?” मी विचारलं. “मागच्या वेळी सहा वर्षं लागली,” साहेब म्हणाले.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. खापर डोक्यावर फोडणे हा वाक्प्रचार शाळेत मी वाक्यात उपयोग करून दाखवला होता. आता सगळी इमारत त्याचा माझ्यावर उपयोग करून दाखवत होती. ‘हे आम्हीच केलंय,’ असं मुलं सांगत होती, पण मीच त्यांना पढवलंय, असं मोठ्यांना वाटत होतं. लिफ्टमध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता. तळमजल्यावरचे निवृत्त कारकून म्हणाले, “सरळ कबूल करून टाका, शिक्षा कमी होते.” तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हळूच विचारलं, “कुठनं मिळालं रे? अजून आहे का?” दातांच्या डॉक्टरांनी साक्ष द्यायचं कबूल केलं. पण दातांच्या भट्टीत मडकी भाजल्याचं पेशंटांना कळू नये म्हणून त्यांनी माझ्याबरोबर जिना चढणं बंद केलं.

हे सगळं मी सोसलं असतं. आमच्या धंद्यात माणसाची कातडी जाड होते. पण शनिवारी संध्याकाळी लेक गॅलरीच्या कठड्याला हनुवटी टेकून उभी दिसली. खाली रस्त्याच्या कडेला बाकीची आठ मुलं दाटीवाटीनं खेळत होती.

“जा की खाली,” मी म्हणालो.

“घेत नाहीत मला.”

“का?”

“म्हणतात, तुझ्या बाबामुळं मैदान गेलं.” मग ती म्हणाली, “आणि त्यांच्या घरचे म्हणतात, तुझा बाबा चोर आहे. मी सांगितलं, चोर नाहीये, त्याला फक्त मडकं येत नाही.”

मी बैठकीच्या खोलीत जाऊन प्रशस्तिपत्र भिंतीवरून उतरवलं आणि कपाटामागं सरकवून ठेवलं. बायको दारात उभी राहून बघत होती. एरवी अशा वेळी ती एखादा टोला हाणल्याशिवाय राहत नाही. आज तिनं फक्त विचारलं, “अहो, चहा टाकू?” तेव्हा परिस्थिती खरोखर गंभीर आहे हे मला कळलं.

गुरुवारी चौकशी झाली. मैदानात टेबल मांडलं, टेबलावर खापरं मांडली. भिंगवाले साहेब आले, बरोबर त्यांचा कारकून आला. साहेबांच्या फायलीवर सुंदर अक्षरात लिहिलं होतं : ‘आडव्या रेघेची संस्कृती, एक प्राथमिक टिपण’. दोरीबाहेर सगळी इमारत पुन्हा जमली होती. मी आदल्या दिवशी सात पानी खुलासा लिहिला होता. पहिलं पान वाचत असतानाच साहेबांनी हात वर केला.

“हे राहू द्या. साक्षीबिक्षी नको. पुरावा आहे?”

“आहे,” लेक म्हणाली. ती दोरीखालून वाकून केव्हा आत आली, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं आधी ती तीन वर्तुळांची पाटी उचलली आणि खाडखाड वाचून दाखवली, “सचिवकाका, आमचे तीन बॉल परत द्या.”

दोरीबाहेर मोठा हशा झाला. सचिव आकाशाकडं बघू लागले.

“बाळ, लिपी अशी मनानं वाचता येत नाही,” साहेब समजुतीनं म्हणाले. “त्याला वर्षं जातात.”

“बरं.” लेकीनं मडक्याचा काठ उचलला. “मग ही रेघ कसली आहे?”

“ते कुळाचं चिन्ह. वर आकाश, खाली...”

“ती बाबाची जखम आहे.” तिनं माझा उजवा हात धरला आणि अंगठा साहेबांच्या भिंगाखाली नेऊन ठेवला. “मशीननं कापलं होतं. बघा.”

साहेबांनी अंगठा पाहिला, खापर पाहिलं, पुन्हा अंगठा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्यांनी अंगठा ठशावर टेकवून बघितला आणि सुटकेचा निःश्वास सोडला. “बसत नाही. यांचा अंगठा मोठा आहे. मी म्हटलं नव्हतं, तो माणूस साडेचार फुटी होता?”

लेकीनं मात्र शांतपणे कंपासपेटी उघडली. आत ती पट्टी होती. दुसऱ्या हातात माझा तक्ता होता.

“माती भाजली की आकसते,” ती म्हणाली. “ही रेघ दहा होती, आता नऊ आहे. मोजून बघा. म्हणजे ठसापण आकसला. बाबानं शिकवलंय. तो ठेंगणा नाहीये, मडकं आकसलंय.”

कारकुनानं मोजपट्टी काढली. रेघ मोजली, माझा अंगठा मोजला, ठसा मोजला आणि कागदाच्या कोपऱ्यात भागाकार केला. मग तो साहेबांच्या कानाशी लागला. तेवढ्यात कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी झाली, पण दोरीबाहेरचं कुणी जागचं हललं नाही.

साहेब हळूच खुर्चीवर बसले. त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं तेव्हा प्रथमच लक्षात आलं, की ते माझ्याच वयाचे, थकलेले, साधे गृहस्थ आहेत. पंचवीस वर्षं त्यांनी एका नव्या संस्कृतीची वाट पाहिली होती आणि सापडलो मी. मला मनापासून वाईट वाटलं. बायकोलाही वाटलं असावं, कारण ती न सांगता चहा घेऊन आली.

“पण आता लिहू कुठं?” साहेबांनी नमुना पुढं ओढला. “नोंद झाली आहे. रद्द करायला रकाना नाही. हा नमुना कुणी केलाय कुणास ठाऊक!”

मी चहाकडं बघितलं.

“हा रिकामा आहे की,” लेक नमुन्यावर बोट ठेवून म्हणाली. शेवटची ओळ होती : ‘निर्मात्याची ओळख (असल्यास)’.

“तो कुणी भरत नाही गं. आमच्या वस्तू ज्यांनी केल्या, ते कुणी हयात नसतात.”

“बाबा आहे ना.”

साहेबांनी पेन उघडलं. मी ऐटीत सही करायला पुढं झालो, तर कारकुनानं कागद मागं घेतला. “सही नको. मडक्यावर सही नाही. अंगठाच हवा.”

पदवीधर माणूस, नमुने विभागातला बावीस वर्षांचा अनुभवी, मी स्वतः आखलेल्या टिंबांवर सगळ्या इमारतीसमोर शाईचा अंगठा उठवला. मागून कुणीतरी “सही येत नाही वाटतं यांना” म्हणालं. अंगठेबहाद्दर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ठसा मात्र सुरेख उठला, आडव्या रेघेसकट.

दोरी सुटली. पहिली आठ मुलं आत धावली आणि नववीला ओढत घेऊन गेली. सचिव घरी गेले आणि थोड्या वेळानं त्यांच्या गॅलरीतून मैदानात एकामागून एक तीन चेंडू पडले. वहीत त्यांनी काय नोंद केली, ते समजलं नाही. जाताना साहेबांनी माझा हात हातात घेतला. “मनापासून सांगतो,” ते म्हणाले, “इतका वाईट हात मी पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता.” कुठलीही स्तुती मी इतक्या मानानं स्वीकारली नसेल.

पुढच्याच आठवड्यात मी नमुना क्रमांक सतरा पुन्हा दीड पानाचा केला. आमच्या छापखान्यातल्या साहेबांनी कारण विचारलं. मी अंगठा दाखवला. प्रशस्तिपत्र अजून कपाटामागंच आहे. त्याच्या खिळ्याखाली लेकीनं चिकटवून जोडलेलं माझं मडकं एका बाजूला मान टाकून बसलेलं असतं. त्यात बायको कपड्यांचे चिमटे ठेवते.

वार्षिक परीक्षेचा पेपर परवा घरी आला. प्रश्न होता : ‘प्राचीन काळच्या माणसांची माहिती आपल्याला कशावरून मिळते? उदाहरणासह लिहा.’ लेकीनं लिहिलं होतं :

‘खापरांवरून. खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. त्याच्यावर बनवणाऱ्याचा अंगठा असतो. अंगठा ओळखीचा असेल तर माणूस लगेच सापडतो. नाहीतर खापर भलत्याच्याच डोक्यावर फुटतं. उदाहरण : माझा बाबा.’

बाईंनी पूर्ण गुण दिले होते. आणि उत्तराच्या शेवटी, बाईंचा उगाच गैरसमज नको म्हणून, लेकीनं कंसात एक ओळ घातली होती : ‘या संस्कृतीत पूर आला नाही.’